संग्रहालयातला पंक्तिप्रपंच

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आप्पा ताईकडे बेंगळूरला गेलो होतो. आप्पांची शहापुरात लहानशी खानावळ आहे. दिवाळीत यंत्रमाग बंद असतात, खोल्या करून राहणारे विद्यार्थी गावी जातात, म्हणून वर्षातून तेवढे चार दिवस आमची चूलही विश्रांती घेते. दाजींनी एक नवे कलासंग्रहालय दाखवण्याचा बेत केला आणि 'जेवणही तिथंच करू, वर मोठं रेस्टॉरंट आहे' असे परस्पर ठरवूनही टाकले.

आप्पा जन्मात प्रथमच चित्रसंग्रहालयात शिरत होते. खरे सांगायचे तर मीही. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा चित्रकलेशी संबंध येतो तो फक्त मागणी-पुरवठ्याचे आलेख काढताना. आधुनिक चित्रांच्या दालनातून आप्पा हात पाठीमागे बांधून, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे भराभर निघून गेले. पण पुढच्या दालनात एका चौकटीसमोर ते थबकले. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातील लक्ष्मीचे जुने छापील चित्र होते ते.

"अरे, ही आपल्या गल्ल्यावरची!" आप्पा म्हणाले.

खरोखरच तीच. आमची धुराने आणि उदबत्तीने पिवळी पडली आहे, एवढाच फरक. शेजारची पाटी त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितली. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, दगडावरून चित्रे छापली जात आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे, हे मी त्यांना मराठीत सांगितले. "तीस वर्षं उदबत्ती लावतोय, पण हे आज कळलं," असे म्हणून ते आणखी पाच मिनिटे तेथेच उभे राहिले. संग्रहालय म्हणजे काय, हे मला त्या पाच मिनिटांत समजले.

मग आम्ही वर जेवायला गेलो.

काचेची भिंत, खाली झाडांचे शेंडे, टेबलावर कडक इस्त्रीचे पांढरे रुमाल. पदार्थांचे पत्रक फक्त इंग्रजीत होते आणि किमतींच्या आकड्यांपुढे रुपयाचे चिन्हही नव्हते, जणू ते नाव काढणे असभ्यपणाचे व्हावे. आप्पांनी पत्रक हातात घेतले. पदार्थांची नावे त्यांना वाचता येण्याजोगी नव्हती, आकडे मात्र त्यांनी वरून खालपर्यंत वाचले, पत्रक मिटले आणि म्हणाले, "मला भूक नाही. तुम्ही जेवा." सकाळी सहाला खाल्लेल्या बशीभर उप्पिटानंतर त्यांच्या पोटात काही गेलेले नव्हते, हे मला ठाऊक होते.

वाढपी आमच्याशी इंग्रजीत बोलत होता. मी गडबडून त्याला कन्नडात म्हटले, "स्वल्प नीर कोड्री." त्या 'री'वरून त्याने आम्हाला लगेच ओळखले. "याव ऊर्री?" त्याने हसून विचारले. तो गोकाककडचा निघाला. मग तो आप्पांशी मोकळेपणाने बोलू लागला. आप्पांनी त्याला त्या व्यवसायातला पहिला प्रश्न विचारला, "तू जेवतोस कुठं?" तो म्हणाला, मागच्या बाजूला आम्हा नोकरांसाठी रोज अन्न-सारू होते, दोननंतर आमची पंगत बसते. आप्पा चटकन म्हणाले, "मग मला तेच आण की." तो ओशाळला. ते पत्रकात नाही, म्हणून त्याचे बिल करता येत नाही. आणि बिल करता येत नाही म्हणून ते देताही येत नाही.

आम्हा तिघांच्या जेवणाचे बिल ४,१६० रुपये झाले. आप्पांच्या खानावळीत थाळी ८० रुपयांना मिळते. म्हणजे ५२ थाळ्या. हा हिशेब मी तेथेच मनात केला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. त्याहून खरी लाज वेगळीच होती. आप्पा पाण्याचा पेला घेऊन बसले असताना, शेजारच्या टेबलावरील मंडळी आपल्याकडे पाहत तर नाहीत ना, अशी चोरटी नजर मी दोनदा फिरवली होती. एक मजला खाली रविवर्म्याच्या चित्रासमोर मला आप्पांचा अभिमान वाटला होता. एकाच इमारतीत, एकाच तासात एवढा फरक का पडावा? हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

परत आल्यावर मी या विषयावर थोडे वाचले. संग्रहालयाच्या आत उपाहारगृह काढण्याचा जगातला पहिला मान लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला दिला जातो. पुढे १८९९ साली त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम झाले. त्याचे पहिले संचालक हेन्री कोल हे सरकारी अधिकारी होते. दिवसभर राबणाऱ्या कामगाराला संध्याकाळी बायकामुलांसह येता यावे, दारूच्या गुत्त्याऐवजी त्याची पावले इकडे वळावीत, म्हणून त्यांनी गॅसचे दिवे लावून संग्रहालय रात्री उघडे ठेवले. माणूस लांबून येणार तर त्याला भूक लागणार, हा साधा विचार करून खाण्याचीही सोय केली. पुढे १८६० च्या दशकात तेथे तीन देखणी दालने उभी राहिली. त्यांतले हिरवे दालन विल्यम मॉरिस यांच्या कंपनीने सजवले. दुसऱ्या एका दालनातील निळ्या फरशा कलाशाळेतील विद्यार्थिनींनी रंगवल्या. ही दालने आजही आहेत आणि आजही लोक तेथे बसून चहा पितात.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती निराळीच गोष्ट. १८६७ साली तेथे पहिल्या वर्गाचे आणि दुसऱ्या वर्गाचे अशी दोन भोजनपत्रके होती. पहिल्यात सशाचे मटण दीड शिलिंगाला, दुसऱ्यात त्याहून साधे आणि स्वस्त पदार्थ. शिवाय कारागीर, संग्रहालयाचे कामगार आणि गरीब प्रेक्षक यांच्यासाठी तिसऱ्या वर्गाचीही सोय होती.

हे वाचून कोणीही म्हणेल, हा तर शुद्ध पंक्तिप्रपंच! मीही तसेच म्हणतो. एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसते वरण वाढणे आपल्याकडेही पाप मानतात. आगगाडीच्या डब्यांसारखे माणसांचे वर्ग पाडणारी ती व्यवस्था मला परत नको आहे. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या व्यवस्थेत दुसरी आणि तिसरी पंगत निदान मांडलेली तरी होती. कामगार येणार आणि त्याला भूक लागणार, हे मालकाने गृहीत धरले होते. आजच्या आपल्या भारी उपाहारगृहात पंक्तिप्रपंच दिसत नाही, कारण दुसरी पंगतच उठवून टाकलेली आहे. आणि ती खरे म्हणजे उठवलेलीही नाही. ती मागच्या दाराशी दोननंतर बसतेच. फक्त ती प्रेक्षकासाठी नाही.

हा प्रकार आपल्याकडचाच आहे असे नव्हे. १९८८ साली त्याच लंडनच्या संग्रहालयाने एक जाहिरात केली होती. तिचा आशय असा, की आमचे उपाहारगृह झकास आहे आणि त्याला जोडून एक बरेसे संग्रहालयही आहे! जाहिरात विनोदाने केली होती, पण ती पुष्कळांना झोंबली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात २००५ साली 'द मॉडर्न' हे उपाहारगृह उघडले. मिशेलिनचे दोन तारे मिळवलेल्या या जागेच्या खिडक्यांतून संग्रहालयाचा शिल्पबाग दिसतो. रस्त्यावरून त्याला स्वतंत्र दार आहे, म्हणजे जेवणाऱ्याला संग्रहालयाचे तिकीट काढावे लागत नाही. उलट ३० डॉलरचे तिकीट काढून आत आलेल्या सामान्य प्रेक्षकाला त्या टेबलावर बसणे परवडेलच असे नाही.

आता दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप आमच्या वाणिज्य शाखेचा. संग्रहालय तिकिटांवर चालत नाही. चित्रांना ठरावीक थंडावा लागतो, पहारा लागतो, विमा लागतो. भारी उपाहारगृह भाडे देते आणि त्यातून चित्रे जगतात. मग तक्रार कशाची? गंमत म्हणजे हा मुद्दा मला प्रथम आप्पांनीच ऐकवला. परतीच्या गाडीत मी त्या किमतींवर तोंडसुख घेत होतो, तेव्हा ते म्हणाले, "महाग नाही देत ते. तसली जागा, तेवढी माणसं, काचेची भांडी. मीही तेवढेच लावले असते." क्षणभर थांबून पुढे म्हणाले, "पण अर्धी प्लेट ठेवली असती."

आमच्या खानावळीत अर्धी प्लेट आहे. महिनाअखेरीस माग कामगार आणि विद्यार्थी ती मागतात. पूर्ण थाळी घेणाऱ्याच्या शेजारीच त्यांचे पान मांडले जाते, वरण दोघांना एकाच भांड्यातून वाढले जाते आणि अर्धी कोणाची हे फक्त गल्ल्याला ठाऊक असते. अर्ध्या प्लेटीवर आप्पांना फारसे सुटत नाही, पण तोटाही होत नाही. चूल पेटलेलीच असते, जागेचे भाडे ठरलेलेच असते. जास्तीचा खर्च काय तो मूठभर तांदळाचा. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतला भेद मी पुस्तकात वाचण्याआधी खानावळीत पाहिला आहे. मोठ्या उपाहारगृहातही भट्टी पेटलेली असते आणि अन्न-सारू रोज शिजतेच. त्याला पत्रकात एक ओळ दिल्याने कोणाचे दिवाळे निघणार आहे?

दुसरा आक्षेप कलावंतांचा. जेवण आणि चित्र एकत्र आणूच नये, असे काही जण म्हणतात. त्यांच्या बाजूने मार्क रॉथ्कोचे उदाहरण देता येईल. न्यूयॉर्कच्या 'फोर सीझन्स' या अतिशय महागड्या उपाहारगृहाच्या भिंतींसाठी चित्रे काढण्याचे काम १९५८ साली त्याने घेतले. पुढच्या वर्षी तो पत्नीसह तेथे जेवायला गेला, भोवतालची मंडळी पाहिली आणि आपली चित्रे येथे लागता कामा नयेत असे ठरवून त्याने पैसे परत केले. त्यांतली नऊ चित्रे त्याने लंडनच्या टेट गॅलरीला दिली. ती २५ फेब्रुवारी १९७० रोजी लंडनला पोचली, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये तो मरण पावला.

रॉथ्कोबद्दल मला आदर वाटतो. पण त्याच्या गोष्टीतून 'अन्नाजवळ चित्र नको' हा निष्कर्ष मी काढणार नाही. रविवर्म्याची लक्ष्मी गेली कित्येक वर्षे फोडणीच्या वासात आमच्या गल्ल्यावर लटकते आहे आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय आप्पा दिवसाचा पहिला पैसा आत टाकत नाहीत. अन्नाने चित्राचा मान जात नाही. रॉथ्कोला जे खटकले ते, मला वाटते, अन्न नव्हते. निवडक मंडळींचीच पंगत होती.

दुसरी पंगत मांडता येते याला आपल्या जवळचा पुरावा आहे. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत १९६४ साली 'समोवार' हे उपाहारगृह सुरू झाले आणि २०१५ साली बंद पडले. आम्हाला शाळेत चित्रकला शिकवणारे सर जे. जे.त शिकत असताना तेथे जात. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट, अरुंद जागा; खिशात पैसे नसले की एका चहावर दोघे मित्र दोन तास बसत, आणि शेजारच्या टेबलावर नावाजलेले चित्रकार असत, असे ते सांगत. कोणी उठवत नसे. सर म्हणत, "भिंतीवरच्या चित्रांइतकंच मी त्या बाकावर शिकलो." ते बंद पडले तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. एखादे भारी उपाहारगृह बंद पडले तर अशी हळहळ कोणाला वाटेल की नाही, मला शंका आहे.

म्हणून माझे मागणे अगदी थोडे आहे. संग्रहालयात भारी उपाहारगृह जरूर असावे. ज्यांना परवडते त्यांनी तेथे आनंदाने जेवावे आणि चित्रांच्या देखभालीला हातभार लावावा. पण त्याच पत्रकावर, त्याच टेबलावर, एक साधे जेवण असावे. त्याची किंमत आत येण्याच्या तिकिटापेक्षा जास्त नसावी. ते पत्रक त्या प्रांताच्या भाषेतही छापलेले असावे. चित्राखालची पाटी लोकांना समजावी म्हणून आपण धडपडतो. मग भाताचे नाव का समजू नये? तिकीट घेऊन ज्याला आत घेतले, तो तुमचा पाहुणा झाला. आणि पाहुणा 'भूक नाही' म्हणाला तर ते खरे मानू नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवावे लागत नाही.

त्या दिवशी संग्रहालयातून बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या एका दर्शिनीत आप्पांनी उभ्या उभ्या दोन इडल्या आणि एक वडा खाल्ला. खाताना त्या रंगांच्या दगडांबद्दल त्यांनी मला पुन्हा विचारले: एका चित्राला एकूण किती दगड लागत असतील? मला सांगता आले नाही. तेच बोलणे वर, त्या काचेच्या भिंतीपाशी, भाताच्या बशीवर झाले असते, तर दाजींनी, ताईने, कदाचित त्या गोकाकच्या वाढप्यानेही त्यात भाग घेतला असता. तेवढे एक संभाषण त्या दिवशी संग्रहालयाने गमावले. ताळेबंदात ते कोठे धरायचे, हे अजून आम्हाला शिकवलेले नाही.

— बी. कॉम. द्वितीय वर्ष