तिजोरी सरकारची, कारखाना फिरता



आपल्यापैकी अनेकांच्या घरात आलेला पहिला मोबाईल नोकियाचा होता. बटणांचा, हातातून पडला तरी चालणारा. एखाद्या कपाटाच्या खणात तो अजून पडून असेल. तो बनविणाऱ्या हातांचे काय झाले, ते आज पाहू.

जर्मनीत बोखुम नावाचे शहर आहे. एकेकाळी ते कोळशाच्या खाणींवर जगत होते. खाणी बंद पडल्या. पुढे तिथे नोकियाचे फोन बनू लागले. लोकांना काम मिळावे म्हणून राज्य आणि केंद्र सरकारने मिळून कंपनीला सुमारे ८.८ कोटी युरोंचे अनुदान दिले. १५ जानेवारी २००८ रोजी कंपनीने जाहीर केले की बोखुमचा कारखाना बंद करून काम रुमानियात नेणार. सुमारे २,३०० कामगारांच्या पोटावर पाय आला.

कंपनी तोट्यात होती का? मुळीच नाही. २००७ साली तिचा नफा ७०० कोटी युरोंहून अधिक होता. कंपनीचा हिशेब वेगळाच होता : बोखुममध्ये फोन बनतात ६ टक्के, पण मजुरीचा खर्च २३ टक्के!

जर्मनीत मोठा वाद पेटला. हजारो लोक रस्त्यावर उतरले. अर्थमंत्री पीअर स्टाइनब्रुक यांनी या प्रकाराला तांड्याची भांडवलशाही म्हटले. राज्याचे मुख्यमंत्री युर्गेन र्‍युटगर्स यांनी कंपनीला अनुदानावरची टोळ म्हटले. काही पुढाऱ्यांनी आपला नोकियाचा फोन टाकून दिला. पण फोन टाकल्याने कोणाची नोकरी परत येते?

उपयोगी पडला तो कागद. अनुदान देताना किती कायम कामगार ठेवायचे, याची अट लिहिलेली होती. ती पाळली नाही म्हणून राज्याने ४.१ कोटी युरो व्याजासह परत मागितले. कंपनीने ते अमान्य केले. अखेर तडजोड होऊन तिने बोखुमच्या विकासासाठी २ कोटी युरो दिले. कामगारांनी संघटनेच्या बळावर २० कोटी युरोंची भरपाई मिळवली. अट आणि संघटना दोन्ही होत्या, म्हणून निदान एवढे तरी पदरात पडले.

आता रुमानियाचे ऐका. क्लुज शहराजवळच्या जुकू गावी तिथल्या जिल्हा प्रशासनाने औद्योगिक वसाहत उभारून दिली. मजुरी जर्मनीपेक्षा कितीतरी कमी. तरीही काम मिळाले म्हणून लोक खूश होते. तो आनंद चार वर्षेही टिकला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये कंपनीने जुकूचाही कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. २,२०० जण बेकार झाले. काम आशियात गेले.

आशियात म्हणजे आपल्याकडेही कारखाना होताच. चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूर येथे २००६ साली तो सुरू झाला होता. तमिळनाडू सरकारने स्वस्तात जमीन दिली, विक्रीकरात परतावा दिला. ऐन भरात तिथे सुमारे ८,००० कामगार होते. त्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली पुष्कळ. कराचा वाद न्यायालयात गेला, फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला गेला, आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी हाही कारखाना थांबला.

म्हणून बोखुमच्या कामगाराने रुमानियाच्या मजुराला शिव्या देण्यात अर्थ नव्हता. दोघेही एकाच रांगेत उभे होते. एकाचा नंबर आधी लागला, दुसऱ्याचा नंतर.

आपल्या महाराष्ट्रातही १९६४ पासून उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना चालत आली आहे. कारखाने यावेत, याला आपला विरोध नाही. आपल्या पोरांना काम हवेच आहे. पण सवलतीचा पैसा आपलाही आहे. साबणाची वडी घेताना मजूरसुद्धा कर भरतो. तेव्हा मत मागायला येणाऱ्याला चार प्रश्न विचारा. किती जणांना काम? किती वर्षे? कायम की कंत्राटी? आणि कंपनी निघून गेली तर पैसे परत घेण्याची अट कुठे लिहिली आहे? उत्तर तोंडी देऊ लागला, तर त्याला म्हणा, साहेब, कागद दाखवा.