चौथा हट्ट

आपल्याकडे बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट असे तीन हट्ट सांगितलेत. ज्याने कुणी ही यादी केली त्याच्या घरी डॅशहुंड नसणार, नाहीतर चौथा राहून गेला नसता!

आमच्याकडे पहिला आणि चौथा एकाच वेळी चालू असतात. चिऊ सव्वादोन वर्षांची, गुंड्या सहा. पाऊस असला की चिऊला बाहेर जायचंच असतं आणि गुंड्याला अजिबात नसतं. (त्याचं पोट जमिनीला टेकायच्या बेतात, त्यामुळे डबकं म्हणजे त्याला आंघोळच!) तो उंबऱ्यात चारही पाय पसरून बसकण मारतो. दहा किलोचा कुत्रा अशा वेळी पोत्यासारखा जड कसा होतो देव जाणे. चिऊने हे तंत्र त्याच्याकडूनच उचललंय. चप्पल घालायची नसली की तीही शेजारी पालथी पडते. मी लीश आणि चप्पल घेऊन उभी, समोरच्या काकू लिफ्टची वाट बघत हसतायत... असो.

तर आमच्या आत्याचं मत असं, की आता मूल झालंय, कुत्रा कुणाला तरी देऊन टाक. दर फोनला हेच. मला हे अजिबात पटत नाही. जर्मन लोकांनी ही जात घडवली ती बॅजर नावाच्या चिवट प्राण्याच्या बिळात शिरायला. नावाचा अर्थच बॅजर-कुत्रा. तिथे अंधारात मालक 'बस', 'ऊठ' सांगायला येत नाही; काय करायचं ते त्याचं त्यानेच ठरवायचं. आपणच पिढ्यान् पिढ्या निवडून असा केला, आणि आता म्हणायचं ऐकत नाही! चिऊचं तरी वेगळं काय? आईपेक्षा आपली इच्छा निराळी असू शकते हा शोध तिला नुकताच लागलाय, आणि तो ती दिवसातून चाळीस वेळा तपासून बघते. तिला मात्र कुणी देऊन टाक म्हणत नाही.

आत्याची काळजी खोटी नाही. म्हणून दोघांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा. गुंड्याचं रेबीजचं इंजेक्शन दर वर्षी चुकवायचं नाही. आणि तो गुरगुरला तर त्याला ओरडायचं नाही, चिऊला उचलायचं. गुरगुरणं ही त्याची नोटीस असते. ती द्यायची बंदी केली तर कुत्रा एखाद दिवशी नोटीस न देताच चावायचा. हे पाहुण्यांना पटवताना माझा घसा बसतो.

एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत आहे. चिऊला जे नको ते खुर्चीखाली जातं आणि तिथे ते हवंच असतं. भेंडीसुद्धा! पण द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, म्हणून ते घरात येणंच बंद केलंय.

तेव्हा आत्या, दिवाळीला तू जरूर ये. फक्त लाडवात बेदाणे घालू नकोस.