बॅनरवरचा इतिहास आणि दहा खंडांतला इतिहास

जो समाज आपला इतिहास विसरतो तो इतिहास घडवू शकत नाही, हे वाक्य बाबासाहेबांच्या नावाने आपल्या प्रत्येक जयंतीच्या बॅनरवर असते. पण इतिहास लक्षात ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे? बॅनर उतरल्यावर हा प्रश्न कोणी विचारत नाही. मिखाइलो ह्रुशेव्स्की या युक्रेनियन इतिहासकाराने या प्रश्नाचे उत्तर आयुष्य खर्ची घालून दिले. त्यांच्या ग्रंथाचे नाव 'युक्रेन-रुसचा इतिहास', एकूण खंड दहा. आंबेडकरी तरुणांनी तो ग्रंथ कसा उभा राहिला हे समजून घेतले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात युक्रेनियन लोक दोन साम्राज्यांत विभागलेले होते. बहुतेक रशियात, काही ऑस्ट्रियात. रशियन सत्ता त्यांना 'छोटे रशियन' म्हणे आणि त्यांची भाषा ही रशियनचीच बिघडलेली बोली आहे असे सांगे. 1863 साली गृहमंत्री वालुयेव यांनी या भाषेतल्या धार्मिक व शैक्षणिक पुस्तकांवर बंदी आणली. 1876 साली झारने बंदी आणखी कडक केली. परदेशातून पुस्तके आणायची नाहीत, नाटके करायची नाहीत. भाषा काढून घ्यायची आणि मग म्हणायचे, यांना कुठे साहित्य आहे, यांना कुठे इतिहास आहे! वर्चस्ववाद्यांची ही रीत आपल्याला नवी नाही.

1894 साली, वयाच्या 28व्या वर्षी, ह्रुशेव्स्की ऑस्ट्रियाच्या ताब्यातील ल्विव विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांच्या अध्यासनाच्या अधिकृत नावात 'युक्रेन' हा शब्दसुद्धा नव्हता. तरीही त्यांनी तिथे युक्रेनियन भाषेत शिकवले आणि 1898 साली ग्रंथाचा पहिला खंड त्याच भाषेत प्रसिद्ध केला. ग्रंथाचे नावच एक दावा होता. 'रुस' म्हणजे आजचा रशिया नव्हे, तर कीव येथे केंद्र असलेले मध्ययुगीन राज्य. रशियन इतिहासकार या राज्याला स्वतःचा आरंभ मानत. ह्रुशेव्स्कींनी 'युक्रेन' आणि 'रुस' ही दोन नावे जोडून तो वारसा कोणाचा, हा वाद उघड मांडला.

1904 सालच्या एका लेखात त्यांनी मुळावरच घाव घातला. रूढ मांडणी अशी होती : आधी कीव, मग व्लादिमीर, मग मॉस्को, मग पीटर्सबर्ग. ह्रुशेव्स्की म्हणाले, ही राजघराण्यांची आणि राजधान्यांची वंशावळ आहे, लोकांचा इतिहास नाही. राजधानी मॉस्कोकडे सरकली म्हणून कीवच्या परिसरातले शेतकरी नाहीसे होत नाहीत. या मांडणीत युक्रेनियन आणि बेलारुसी लोक मधल्या शतकांतून गायब होतात. एवढेच नव्हे, तर खुद्द रशियन लोकांचा आरंभही धूसर राहतो, कारण दुसऱ्याचा आरंभ त्यांच्या माथी मारलेला असतो. खोटा इतिहास वर्चस्व गाजवणाऱ्यालाही आंधळा करतो, हा मुद्दा इथे लक्षात घ्यावा.

पण ह्रुशेव्स्की नुसते मुद्दे मांडून थांबले नाहीत. 1897 पासून ते ल्विवच्या शेवचेन्को वैज्ञानिक संस्थेचे अध्यक्ष होते. या संस्थेला नाव आहे तारास शेवचेन्को या कवीचे, जो भूदास म्हणून जन्मला होता. ह्रुशेव्स्कींनी संस्थेच्या नियतकालिकाचे शंभराहून अधिक खंड संपादित केले, मूळ कागदपत्रे छापली आणि विद्यार्थ्यांची एक पिढी अभिलेखागारांत बसवली. त्यामुळे त्यांच्या ग्रंथाला शिवी देणे सोपे होते, पण खोडून काढणे अवघड होते. खोडायचे तर आधी तेवढे कागद वाचावे लागत.

याची किंमत त्यांनी मोजली. 1914 साली रशियन सरकारने अटक करून त्यांना हद्दपार केले. 1917 च्या क्रांतीनंतर ते युक्रेनच्या मध्यवर्ती परिषदेचे अध्यक्ष झाले, तर 1918 च्या सुरुवातीला बोल्शेविक तोफांनी कीवमधले त्यांचे घर जाळले. ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखिते खाक झाली. परदेशातून 1924 साली ते परतले, पुन्हा लिहायला बसले. 1931 साली पुन्हा अटक झाली. 1934 साली ते गेले. इतिहास 1658 पर्यंत येऊन अपुराच राहिला. दहावा खंड त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्यांची मुलगी कातेरीना, स्वतः अभ्यासक, 1943 साली सोव्हिएत छावणीत मरण पावली.

2021 साली पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनियन एकच लोक आहेत असा लांबलचक लेख लिहिला आणि दुसऱ्याच वर्षी फौजा घातल्या. ह्रुशेव्स्कींच्या ग्रंथाने रणगाडे अडले नाहीत. पण 'तुम्ही मुळात नाहीतच' असे म्हणणाऱ्याला द्यायचे उत्तर युक्रेनियनांकडे शंभर वर्षांपासून तयार होते.

याचा अर्थ त्यांची मांडणी जशीच्या तशी उचलावी असा नाही. बोहदान ख्मेल्नित्स्कीचा 1648 चा उठाव युक्रेनियन स्मृतीत मुक्तीचा लढा आहे, त्याच उठावात ज्यूंची प्रचंड कत्तल झाली. एकाच राष्ट्राची गोष्ट सांगताना दुसऱ्याचे दुःख कोपऱ्यात जाते. शिवाय 'लोक' हा ज्यांचा पाया आहे ते ह्रुशेव्स्की लोकांना बरेचसे एकसंध मानतात. आपल्याकडे तसे मानता येत नाही. इथे 'लोक' हीच श्रेणीबद्ध विषमता आहे, आणि सर्वांचा एक इतिहास म्हणून जो सांगितला जातो तो बहुधा वरच्यांचा असतो. म्हणून बाबासाहेबांनी 1946 साली शूद्रांचा आणि 1948 साली अस्पृश्यांचा इतिहास वेगळा विचारला. पहिला ग्रंथ त्यांनी जोतीराव फुल्यांना अर्पण केला. दोन्ही ग्रंथांत भावनिक आवाहन नाही, साधने आहेत आणि युक्तिवाद आहे.

आपण त्यांचे निष्कर्ष पाठ केले, पद्धत मात्र सोडून दिली. गावोगावच्या जलशांच्या वह्या, परिषदांची हस्तपत्रके, 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे जुने अंक आजही कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या पोटमाळ्यावर वाळवी खाते आहे. ज्यांना त्या सभा आठवतात ती माणसे एकेक करून जात आहेत. मिरवणुकीच्या डीजेवर जेवढा पैसा जातो, त्याच्या दहाव्या हिश्श्यात एका तालुक्याची कागदपत्रे स्कॅन होतील. पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या बापाची आपण लेकरे आहोत. यंदाच्या जयंतीला प्रत्येक मंडळाने दोन पोरे निवडावीत, त्यांच्या हाती रेकॉर्डर आणि वही द्यावी आणि आपल्याच वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर बसवावे. आपल्या दहा खंडांचे पहिले पान तिथेच लिहिले जाईल.

जयभीम!