गिझरचा थेंब आणि आपली जयणा



थंडी सुरू झाली की आपल्या गप्पांत गिझर येतोच. कुणाकडे नवा बसतो, कुणी जुना बदलतं. आणि दरवर्षी एक तक्रार हमखास कानावर येते, "अगं, नवाकोरा गिझर, पण खालून थेंब थेंब पाणी गळतंय. शेवटी प्लंबरला बोलावलं आणि बूच मारून घेतलं." सांगणारीच्या आवाजात समाधान असतं. पाणी वाया जायचं थांबलं, अप्कायची विराधना टळली, असं तिला मनापासून वाटतं.

तिचा भाव मी समजू शकते. आपण पाणी गाळून वापरणाऱ्या घरांतल्या बायका. विनाकारण सोडलेला नळ म्हणजे अनर्थदंड, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. तरीही मी आज स्पष्ट लिहिते की हे बूच मारणं जयणेत बसत नाही. तो थेंब का पडतो हे न पाहता तो बंद करणं हा प्रमाद आहे, आणि त्याची किंमत घरातल्या माणसाच्या जिवापर्यंत जाऊ शकते.

आधी तो थेंब कुठून येतो ते पाहू. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटरच्या टाकीत 20 अंशांचं पाणी 70 अंशांपर्यंत तापवलं, तर ते सुमारे दोन टक्के वाढतं, म्हणजे साधारण 300 मिलीलीटर, आपला दीड पेला. टाकी गच्च भरलेली, वरून बंद. हे जास्तीचं पाणी जाणार कुठे? त्यासाठी गार पाणी आत येतं त्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो दोन कामं करतो. आत गेलेलं पाणी उलटं नळात जाऊ देत नाही, आणि आतला दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की थोडं पाणी बाहेर सोडतो. गिझर चालू असताना त्याच्या तोटीतून पडणारे थेंब म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतो आहे, याची खूण.

आता बूच मारल्यावर काय होतं? रोज कदाचित काहीच नाही. म्हणूनच "आमच्याकडे दहा वर्षं बंद आहे, काही झालं नाही" असं सांगणाऱ्या भेटतात. काही झालं नाही, कारण दहा वर्षं थर्मोस्टॅटने साथ दिली. पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट हा पहिला राखणदार. तो बिघडला तर कटआउट हा दुसरा. दोन्ही फसले तर शेवटचा तो व्हॉल्व्ह, आणि त्याचंच तोंड आपण बांधून ठेवलेलं. मग दाबाखालचं पाणी 100 अंशांच्याही वर तापत जातं. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्यापेक्षा सुमारे 1,600 पट जागा मागते. न्हाणीघराची भिंत आणि आत असलेला माणूस, दोघांचीही मग धडगत नसते.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी सांगितला आहे. प्रमादाने प्राणांची हानी झाली तर ती हिंसा. थेंबातल्या जीवांचा विचार करायचा आणि आंघोळीला गेलेल्या नातवाचा करायचा नाही, ही कसली अहिंसा? आणि त्या थेंबाला अनर्थदंड तरी कसं म्हणायचं? तो विनाकारण पडतच नाही.

थेंब वाया जाऊ नये असं वाटत असेल तर त्याची सोय साधी आहे. व्हॉल्व्हच्या तोटीला छोटी नळी लावून ती उताराने खाली बादलीपर्यंत आणा. नळीला मध्ये कॉक नको, ती कुठे दुमडलेली नको, आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवू नका, हवेत मोकळं राहू द्या. साठलेलं पाणी लादी पुसायला वापरा. फक्त हे तीन उकाळे आलेलं पक्कं पाणी नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

मात्र प्रत्येक गळती निरोगी नसते. गिझर बंद, पाणी थंड, तरी धार चालूच असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा क्षार अडकलेला असतो, नाहीतर इमारतीचाच दाब जास्त असतो. वरची टाकी 10 मीटर उंच असली की खाली साधारण 1 बार दाब येतो. बारा मजली इमारतीत तळमजल्यावर तो साडेतीन बारच्या आसपास जातो, आणि पंपाने थेट पाणी येत असेल तर आणखी. गिझरच्या पुस्तिकेत किती दाब चालतो ते लिहिलेलं असतं. त्याहून जास्त असेल तर आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायचा. आणि तोटीतून वाफ किंवा कढत पाण्याचा फवारा येऊ लागला तर गिझरला हात न लावता बाहेरच्या एमसीबीवरून वीज बंद करायची, सगळ्यांना दूर ठेवायचं आणि मेकॅनिकला बोलवायचं.

माझं दुसरं म्हणणं असं, की गिझर बसवताना घरातल्या बाईने तिथे उभं राहावं. प्लंबर घाईत असतो, घरातले पुरुष कामावर असतात, आणि "ताई, तुम्हाला त्यातलं काय कळणार" हे वाक्य ठरलेलं असतं. अहो, आपण मूठभर मूग निवडायलाही दोनदा नजर फिरवतो. इथे तर चार-पाच गोष्टीच बघायच्या आहेत.

निळी खूण गार पाण्याची, लाल गरम पाण्याची. त्यांची अदलाबदल नको. सेफ्टी व्हॉल्व्ह निळ्या बाजूलाच हवा, त्यावरचा बाण गिझरकडे हवा. पाणी बंद करायचा कॉक व्हॉल्व्हच्या अलीकडे चालेल, पण व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये कधीच नको. "व्हॉल्व्हची गरज नाही" असं म्हणून प्लंबर तो काढून ठेवत असेल तर त्याला थांबवा. तो नसला आणि वरची टाकी रिकामी झाली, तर गिझरमधलं पाणी उलटं उतरू शकतं आणि कोरडं कॉइल जळतं.

गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, तो मऊ पडतो. सीपीव्हीसी किंवा जीआय वापरायला सांगा. सीपीव्हीसीचं सोल्यूशनही वेगळं येतं, आणि ते वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यावाच लागतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप नीट गुंडाळलेली हवी. गळती थांबवायला पान्याने जोर लावत सुटलं तर आटेच तुटतात.

25 लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच 25 किलो असतं, म्हणून भिंत भक्कम आणि बोल्ट पुस्तिकेत सांगितलेलेच हवेत. शेवटी, वीज लावण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडायचा. फसफस थांबून पाण्याची एकसारखी धार आली की टाकी भरली समजायचं. सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहायचे. मगच बटण. अर्थिंग तपासून घेणं हे वायरमनचं काम, पण विचारणं आपलं.

ज्यांच्या घरी आधीच बूच मारलेलं आहे, त्यांनी गिझर बंद ठेवावा आणि टाकी पूर्ण थंड झाल्यावर जाणत्या माणसाकडून ते काढून घ्यावं. व्हॉल्व्ह जुना, क्षारांनी धरलेला असेल तर नवा बसवावा. गिझरच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे. आणि उपाश्रयात, मंदिरात, सामायिकेनंतरच्या गप्पांत कुणी "आम्ही बंद करून घेतलं" असं सांगितलं, तर मान डोलावून गप्प बसू नका. तिला तिथेच समजावून सांगा.

जय जिनेंद्र.