खोक्यावरचा वेग

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. छापील अक्षर खोटे नसते, हा आमच्याकडचा समज. म्हणूनच कापसाच्या पैशातून वडिलांनी मोबाइल घेऊन दिला, तेव्हा खोक्यावरचे 'ब्लूटूथ ५' आणि दुकानदाराचे "वेग दुप्पट" हे दोन्ही मी खरे मानले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एस.टी. स्टँडवर मित्राकडून एका तासाच्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण घेत होतो. फाइल ६० मेगाबाइटची. दोघांचाही नेटपॅक संपलेला. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा ऐंशी टक्के झाले होते. आणि अर्धवट फाइल म्हणजे काहीच नाही.

मग मी या वेगाच्या मागे लागलो. (आर्ट्सच्या मुलाला हे कशाला, असे विचारणारेही भेटले!) मित्रहो, २०१६ साली आलेल्या ब्लूटूथ ५ मध्ये दुप्पट झाला तो घड्याळासारख्या कमी वीज खाणाऱ्या वस्तूंसाठीचा वेग, सेकंदाला १ मेगाबिटचा २. दोन मोबाइल फाइल पाठवतात ती बहुधा २००४ सालच्याच वाटेने. तिचा वेग कागदावर ३ मेगाबिट, प्रत्यक्षात फार तर २.१. त्यातही बिट म्हणजे बाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला जेमतेम पाव मेगाबाइट! ६० मेगाबाइटला चार मिनिटे, तीही दोन मोबाइल शेजारी असताना. स्टँडवरच्या गर्दीत माणसांची शरीरे या लहरी शोषतात, वाय-फायही बरेचदा त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात घुसलेले असते.

कोणी म्हणेल, आता फाइल वाय-फायने थेट जाते, ब्लूटूथ फक्त दोन मोबाइलची गाठ घालून देते. खरे आहे, आणि ते कितीतरी वेगवान आहे. पण मित्राच्या जुन्या मोबाइलमध्ये ती सोय नव्हती, आणि वर्गात असे मोबाइल थोडे नाहीत.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर निव्वळ वजन छापावे लागते. मग हजारो रुपयांच्या मोबाइलवर निव्वळ वेग का नको? १०० मेगाबाइटची फाइल ब्लूटूथने किती मिनिटांत जाते, एवढी एक ओळ मराठीत छापा. आमच्या वडिलांना ती वाचता येईल.

ते ध्वनिमुद्रण पेपर झाल्यावर कट्ट्यावर बसून घेतले. घड्याळ लावले होते. ४ मिनिटे ५० सेकंद.