माशीच तर चावली ना!

कंधारच्या किल्ल्यावर जायचा प्लॅन फिक्स झाला. लातूरहून दोन बाइक, नांदेडहून एक कार. आणि ऐनवेळी ग्रुपमधला सगळ्यात दणकट गडी म्हणाला, "मी नाही येत. तिथं आग्यामोहोळ असलं तर?" आम्ही त्याची कसली खेचली! सगळ्यात पुढे अर्थातच अस्मादिक.

मग एकदा चहाच्या टपरीवर त्याने खरं काय ते सांगितलं. गेल्या दिवाळीत शेतात मानेला डंख बसला. एकच. आईने लोखंड घासलं. पण दहा मिनिटांत अंगभर गांध्या, ओठ सुजलेले, घसा आवळलेला, डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी घरी सगळे म्हणाले, 'माशीच तर चावली ना!' विषय संपला.

फ्रेंड्स, विषय खरं तर इथेच सुरू होतो. विंचवाचं विष कुणालाही भारी पडू शकतं. आपल्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला प्राझोसिन वापरून जीव वाचवले, ते त्या विषापासून. मधमाशी-गांधीलमाशीचं तसं नाही. पूर्ण मोहोळच अंगावर आलं तर गोष्ट वेगळी, पण एका डंखाने बहुतेकांना फक्त दुखतं, सुजतं. डंखापासून लांब, अंगभर काही झालं, श्वास अडकला, चक्कर आली, तर मात्र ॲलर्जीची शंका घ्यायची. आधीच्या एखाद्या डंखानंतर शरीराने आयजीई नावाच्या अँटिबॉडी बनवून ठेवलेल्या असतात. पुढच्या वेळी त्याच उलटतात.

आम्ही त्याला पुण्याला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांचा पहिला प्रश्न, 'नक्की काय चावलं?' याला पत्ताच नाही! तिथूनच घरी फोन. आई म्हणाली, "अरे, मीच नखानं काटा काढला की तुझ्या मानेतून!" अर्धं निदान तिथेच झालं. काटा मागे राहिला म्हणजे बहुधा मधमाशी. गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही.

मग टेस्ट. शुद्ध विष खूप सौम्य करून कातडीवर थेंब, हलकीशी टोच, पंधरा-वीस मिनिटं वाट. काही उठलं नाही तर थोडा जास्त तीव्र डोस. जोडीला रक्तातल्या आयजीईची तपासणी. पण डंखानंतर लगेच पळायचं नाही. ४ ते ६ आठवडे थांबायचं, नाहीतर ॲलर्जी असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. ॲलर्जीच्या गोळ्याही डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद. आणि कधीच असा त्रास न झालेल्यांनी उगाच हौस म्हणून ही टेस्ट करू नये. ठणठणीत माणसांचीही ती पॉझिटिव्ह येते आणि फुकटचं टेन्शन होतं.

मित्राची मधमाशीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. यावर इलाज आहे. त्याच विषाचे डोस हळूहळू वाढवत शरीराला सवय लावायची, ३ ते ५ वर्षं. हे खरंच चालतं, हे १९७८ साली अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. तोवर अंगभर त्रास सुरू झाला की एकच गोष्ट. लोखंड, चुना नाही. थेट दवाखाना आणि मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन.

कंधार आम्ही पुढे ढकललंय. तो येईल तेव्हाच जाऊ. आणि हो, त्याला 'सॉरी' म्हणायचं राहिलं होतं. ते इथे.