उन्हाळ्यात माळावर जा, पण पाणवठा सोडून उभे राहा

मैंदर्गीकरांनो, यंदाच्या सुट्टीत लेकरांना एकदा नान्नजला नेऊन आणा. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. १९७९ साली जाहीर झालेले माळढोक अभयारण्य ते हेच.

‘एवढ्या उन्हात काय दिसणार?’ असे घरातली मोठी माणसे म्हणतील. पण जनावरे दिसतात ती याच दिवसांत. गवत वाळून बसलेले असते, आडोसा उरत नाही आणि तहान सगळ्यांना पाणवठ्याकडे ओढते. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात लोक मे ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत जातात, तेही याच कारणाने. तिथे हत्ती आणि सिंह. आपल्याकडे काळविटांचे कळप, खोकड आणि नशिबात असेल तर लांडगा.

माळढोक दिसेलच, असे मात्र लेकरांना सांगून ठेवू नका. तो आता फार दुर्मीळ झाला आहे. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. शिवाय हा जड पक्षी विजेच्या तारांना धडकूनही मरतो.

ज्या तहानेमुळे जनावर आपल्याला दिसते, त्या तहानेचा फायदा आपण किती घ्यायचा, हे ठरवून निघा. पाणवठ्याला खेटून माणसे उभी राहिली, की काळवीट पाणी न पिताच माघारी फिरते आणि भर उन्हात पुन्हा पायपीट करते. म्हणून लांबच थांबा, दुर्बीण न्या. फोटोसाठी कळपामागे गाडी घालू नका. लांडग्याची पिल्ले दिसली तर तिथून लगेच निघा.

पहाटे निघा, ऊन चढायच्या आत परता. पाणी आणि टोपी हवीच. कुसळे टोचतात, तेव्हा पायात बूट घाला. विडी-सिगारेट, चूल, शेकोटी बंद. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. प्लॅस्टिक परत आणा. प्रवेशाची वेळ आणि परवानगी वन विभागाकडे आधीच विचारून घ्या.

आणि हे सगळे नान्नजपुरतेच ठेवू नका. आपल्या शिवारातल्या माळाला ‘पडीक’ म्हणून कचरा टाकायची, बांध पेटवायची सवय सोडा. तिथेही उन्हाळ्यात कुणीतरी पाणी शोधत येते. काळवीट आणि लांडगा दोघांनाही कायद्याचे संरक्षण आहे. कुत्री त्यांच्या मागे लागली तर आवरा, आणि जखमी जनावर दिसले तर हात न लावता वन विभागाला कळवा.